मालकाला विचारायचं नाही!

"मला कुणी काही विचारायचं नाही!" नागोजीराव सालप्यांनी टेबलावर हात आपटला. "मसाला माझा, ऑफिस माझं, कॉम्प्युटर माझा. आणि आत शिरायला मीच पासवर्ड सांगू?"

समोर उभी होती शकीला मुजावर, सालपे मसालेवाल्यांच्या ऑफिसातली एकुलती एक कॉम्प्युटरवाली. डॉक्टरांनी नागोजीरावांना उद्यापासून महिनाभर पन्हाळ्याच्या बंगल्यात विश्रांतीला जायला सांगितलं होतं. तिथं बसून त्यांना कोल्हापुरातल्या ऑफिसचा कॉम्प्युटर उघडायचा होता. त्याच कॉम्प्युटरमध्ये काळ्या मसाल्याचं प्रमाण होतं, आणि त्यावर निम्मी बाजारपेठ टपून बसलेली!

शकीलानं सुरक्षित वाट तयार केली होती. आधी पासवर्ड, मग मोबाईलवर येणारा आकडा, मगच आत. नागोजीरावांना दोन्ही नामंजूर!

"सोमवारपर्यंत मुदत. मला एकही प्रश्न न विचारता दार उघडलं पाहिजे, आणि चोराला उघडता कामा नये. जमत नसेल तर राजीनामा लिही!"

"पण साहेब, आलेले तुम्ही की चोर, हे दाराला कळणार कसं?"

"हासुद्धा प्रश्नच झाला!"

घरात मिळवती शकीला एकटीच. राजीनामा परवडणारा नव्हता.

सोमवारी दहाला ऑफिसचा फोन खणखणला.

"झालं का काम?"

"झालं साहेब! अगदी हुकुमाप्रमाणं. मघाशी तुम्हाला प्रमाणसुद्धा वाचून दाखवलं की!"

"मला? कधी?"

"साडेनऊला. 'मी नागोजीराव बोलतोय' म्हणालात. आवाज तोच, खोकला तोच. मी चकार शब्द विचारला नाही."

पन्हाळ्यावर बंगल्याची कौलं हादरली असावीत.

"अगं बये, तो मी नव्हतो!"

"पण मालकांना विचारायचं नाही, असं तुम्हीच..."

"खड्ड्यात गेला तो हुकूम! खात्री नको करायला? फक्त मलाच ठाऊक असलेलं काहीतरी विचारायचं!"

"आणि ते त्यानं आधीच कुणाकडून काढून घेतलं असेल तर?"

"तर... तर माझ्याच खिशात असलेली एखादी वस्तू मागायची! एवढी अक्कल नाही?"

"आहे साहेब. पहिल्याला पासवर्ड म्हणतात, दुसऱ्याला मोबाईलवरचा आकडा. तुमची ही युक्ती आजपासूनच लागू करू ना?"



"आणि माझ्या मसाल्याचं प्रमाण?" नागोजीरावांचा आवाज बारीक झाला.

"ते जागेवर आहे. फोन मीच डिस्पॅचमधल्या सदूमामांना करायला लावला होता, नक्कल झकास करतात तुमची! त्यांना चहाचं प्रमाण सांगितलं. दोन कप पाणी, चिमूटभर सुंठ."

पलीकडून आधी एक खोकला आला, मग हसू, मग दोन्ही मिळून.

"शकीला, आजपासून तू कॉम्प्युटर खात्याची प्रमुख!"

"खात्यात मी एकटीच आहे साहेब."

"मग हाताखाली दोन माणसं घे, आणि पगार दीडपट लाव! आता बोल, काय विचारायचंय ते विचार मला!"