हंबीरची चिठ्ठी

माणसं जनावराचं सोडून कागदाचं ऐकायला लागली, त्या काळातली ही गोष्ट. फौजेतले जनावरांचे डॉक्टर सरावासाठी एका माळावर उतरले होते. त्यांचं हंबीर नावाचं खेचर रोज आजारी पडायचं. म्हणजे गळ्यात आजाराची चिठ्ठी अडकवली, की पडायचं.

एके सकाळी चिठ्ठी निघाली, ‘पुढचा डावा पाय मोडला.’ नेमका त्याच दिवशी हंबीरच्या मागच्या उजव्या खुरात खिळा घुसला. तो पाय उचलून दाखवी, लंगडून दाखवी. “काय झकास सोंग करतंय,” म्हणत डॉक्टर पुढच्या धडधाकट पायालाच पट्ट्या गुंडाळत.

“अरे, मागचा, मागचा,” हंबीर कातावला. “पाय सडला तर उद्या ओझं ही चिठ्ठी वाहणार आहे का?”

जवळच गावातली एक शेळी चरत होती. “दाजी, घसा कशाला बसवून घेता? मान खाली करा जरा,” ती म्हणाली आणि तिनं चिठ्ठी खाऊन टाकली.

पट्ट्या गुंडाळणाऱ्या डॉक्टरांपैकी कॅप्टन घोलपांनी हंबीरचा गळा चाचपला. “चिठ्ठीच नाही. आता जनावर तपासावं लागणार,” असं कुरकुरत ते खाली वाकले.

खिळा निघाला. शेळी मात्र पुढचे दोन दिवस पुढच्या डाव्या पायानं लंगडत होती.