कुस्करलेली भाकरी

“पण माझं चुकलं कुठे, बाबा?”

हेमगीरने पुन्हा विचारलं.

केवलगीर बाबा मठाच्या ओट्यावर बसले होते. हातात एक अख्खी भाकरी होती. रात्री मुक्कामाला आलेल्या एका म्हाताऱ्या वाटसरूला हेमगीरनेच ती वाढली होती. म्हातारा उजाडताच उठून गेला. भाकरी खांबापाशी तशीच राहिली.

बाबा आता थकले होते. कोठीच्या किल्ल्या आज हेमगीरच्या हाती द्यायचं ठरलं होतं. या दिवसाची त्याने फार वाट पाहिली होती. आणि बाबा काही कमरेच्या किल्ल्यांना हात लावत नव्हते.

“आपल्यावरून जग ओळखावं, हे तुम्हीच शिकवलंत ना?”

“शिकवलं.”

“मग? मी कोरडी भाकरी खातो, त्यालाही कोरडीच दिली. मी फरशीवर निजतो, त्यालाही फरशीच दाखवली. माझ्यापेक्षा तसूभर कमी केलं नाही.”

“आणि जास्त?”

“बैराग्याच्या घरी जास्त कुठलं, बाबा!”

हेमगीरचं वैराग्य कडक होतं, यात शंका नाही. अगदी त्याच्या भाकरीइतकं.

बाबांनी हातातली भाकरी उलटीपालटी करून पाहिली.

“बरं, आधी न्याहारी करा,” म्हणत हेमगीरने त्यांच्यापुढे वाटी ठेवली. कोमट दूध, त्यात बारीक कुस्करलेली भाकरी. बाबांना ठसका लागतो म्हणून साय काढून टाकलेली. हे तो रोज करायचा, न सांगता. बाबांवर त्याचा जीव होता.

बाबांनी वाटी उचलली आणि त्याच्यापुढे धरली.

“तू खा.”

“मी दूध घेत नाही, ठाऊक आहे ना तुम्हाला?”

“मग मला का दिलंस?”

हेमगीरला हसू आलं. “बाबा, तुमच्या तोंडात दात कुठे आहेत?”

बाबांनी हातातली भाकरी त्याच्या डोळ्यांसमोर फिरवली.

एका बाजूची कड ओली होऊन पुन्हा वाळली होती. कुणीतरी ती चोखून चोखून मऊ करू पाहिली होती. दाताची खूण कुठेच नव्हती.

हेमगीरने त्या कडेवरून बोट फिरवलं.

“मी त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही,” तो म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग हळूच, “पण त्याने मागायचं तरी…”

“तू मागितलं असतंस?”

“…नाही.”

समोरच्या घाटात म्हातारा काठी टेकत चढत होता. चार पावलं चालायचा, थांबायचा, पुन्हा चालायचा.

हेमगीरने बाबांच्या हातातली वाटी घेतली. ओट्याच्या पायऱ्या उतरला. शेवटच्या पायरीवर मात्र त्याचा पाय अडला.

“बाबा… आणि किल्ल्या?”

बाबांनी ती कोरडी भाकरी आपल्या बोळक्यात धरली होती. बराच वेळ ते तिची कड चोखत राहिले. मग त्यांनी ती तोंडातून काढली.

“दूध निवतंय, हेमगीर.”