अण्णांच्या अंगावरच्या शाली

बार्शीच्या एका पतसंस्थेतल्या कॅशियर कुमुदताई शेटे यांची पाळी जायला आली, तशा त्यांच्या अंगातून मधूनच वाफा निघू लागल्या. काचेच्या केबिनमध्ये पंखा नव्हता, का तर नोटा उडतील! शेवटी त्यांनी चेअरमन बागल अण्णांकडे पंखा मागितला.

अण्णा सगळ्यांदेखत हसले. “पाच मिनिटांची तर गरमी! मनावर घेऊ नका, जाते निघून.”

मे महिन्यात अण्णांची एकसष्टी झाली. समई विझेल म्हणून हॉलचे पंखे बंद होते. कुमुदताईंनी अण्णांच्या अंगावर शाल घातली. पाठोपाठ संस्थेतल्या प्रत्येक बाईने एकेक घातली. सत्काराची शाल लगेच उतरवायची कशी? अण्णा घामाने निथळले.

“अरे, पंखा लावा कुणीतरी!”

कुमुदताईंनी माइक घेतला. “अण्णा, पाच मिनिटांची तर गरमी! मनावर घेऊ नका, जाते निघून.”

हॉलभर हशा पिकला. अण्णांनी ओशाळून शाली उतरवल्या.

“तुमची उतरते तरी,” कुमुदताई म्हणाल्या, “आमची आतून पांघरलेली असते.”

सोमवारी केबिनमध्ये पंखा फिरू लागला. आणि नोटांवर वजन म्हणून अण्णांनी आपलं सत्काराचं स्मृतिचिन्ह स्वतः आणून ठेवलं.