खळ्यातला पहारा

"भानू, पहारा धरलास तर ज्याच्यासाठी धरलास तो घरी येईपर्यंत खाली बसायचं नाही. गळा बसला तर बसू दे, तू बसू नकोस."

गुरूंचं हे सांगणं भानुनाथ महाराजांच्या कानात सदैव असे. महाराज त्या काळी खाडीकाठच्या वेळसई गावी राहत. देवळाच्या वरच्या अंगाला टेकाडावर भाताचं मोठं खळं होतं, त्याच्या कडेला त्यांची झोपडी. गावात शंकराचं देऊळ, खाली बंदरावर मशीद, शेजारच्या वाडीत लहानसं चर्च. सण ज्याचे त्याचे आणि रुसवेफुगवेही ज्याचे त्याचे, असं ते गाव.

कार्तिकात वादळ आलं. भाताच्या उडव्या उडाल्या, बंदरावरची घरं पाण्यात गेली. मशिदीत कमरेएवढं पाणी शिरलं, चर्चचं छप्पर उडून शेतात पडलं. ज्यांचं सगळं गेलं ती माणसं लेकरांना घेऊन टेकाडावर आली. मौलवी इद्रीससाहेब आले, फादर इनास आले. कोळ्यांनी शिडाची कापडं आणून खळ्यावर मांडव घातला आणि चुली पेटल्या.

पण खाडीच्या मधोमध बेटावर मिठागर होतं. हंगामाआधीची डागडुजी करायला गावातली काही माणसं तिथं गेली होती. बेटावर जायचा लाल मुरमाचा बांध वादळानं फोडला होता, आणि ओढ इतकी की एकाही होडीची टाप नव्हती. मिठागरात काम करणाऱ्या सुंद्राबाईची लेक तानी त्या माणसांत होती.

सुंद्राबाई देवळाच्या पायरीशी गेली. देवळाचे पुजारी त्रिंबकशास्त्री दाराला कडी घालून उभे होते.

"शास्त्रीबुवा, घंटा वाजवा की. माझी पोर तिकडं हाय. देवाला कळू द्या."

"कळलंय देवाला," शास्त्री म्हणाले. "बंदरावर माणसं बुडालीत, त्यांची प्रेतं अजून उचलली गेली नाहीत. गावात प्रेत असताना देवळात घंटा नाही, पूजा नाही, आणि शिवेच्या आत नामसुद्धा मोठ्यानं घ्यायचं नाही. आणि तू तर बोलूच नकोस. तुझा आवाज ऐकला तर देव होता तिथूनही उठून जाईल."

हे तिला नवं नव्हतं. आवाज घोगरा, म्हणून भजनातही तिला मागंच बसवायचे, टाळ द्यायचे पण ओठ मिटून. ती डोळे पुसत टेकाडावर आली आणि महाराजांना सगळं सांगितलं.

महाराज म्हणाले, "देऊळ बंद राहू दे. गाभाऱ्याचा नियम गाभाऱ्यात. आपण खळ्यात उभं राहू."

त्यांनी मौलवींना आणि फादरना बोलावलं. म्हणाले, "आमच्याकडं सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. एक दमला की दुसरा गळ्यात घेतो. याला पहारा म्हणतात. तिकडची माणसं परत येईपर्यंत या खळ्यातून देवाचं नाव थांबू नये, असं मनात आहे. एकट्याच्यानं होणार नाही."

मौलवी म्हणाले, "बुवा, वीणा मी गळ्यात घालणार नाही. पण अजान माझी, कुराण माझं. तेवढा वेळ तुम्ही गप्प बसाल ना?"

"बसू की. हात चुलीवर चालतील."

फादर म्हणाले, "माझे लोक माळेची प्रार्थना म्हणतील. ती लांब असते, कंटाळू नका."

"लांब असेल तर बरंच. आम्हाला तेवढीच विश्रांती."

असं ठरलं. आणि महाराजांनी एक नियम घातला, बरं का: ज्याचा पहारा संपेल त्यानं झोपायचं नाही, आधी पेज वाढायची, म्हाताऱ्यांना सुकी कापडं द्यायची, मग पाठ टेकायची. नमाज चालली की टाळकरी भांडी घासत. भजन चाललं की मौलवी लाकडं फोडत. फादर तर लेकरांची तोंडं धुण्यात इतके गुंतले, की त्यांना पाळीसाठी हाक मारावी लागे.

शास्त्रीबुवा खळ्याच्या कडेला येऊन उभे राहिले.

"महाराज, एका ताटात तीन घरचं वाढलंत. कोणत्या देवानं आधी उचलायचं?"

"ज्याला भूक असेल तो उचलेल, शास्त्रीबुवा. आपण वाढायचं काम करू."

"अशी सरमिसळ कुणालाच पोचत नाही," असं म्हणून शास्त्री उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस पुन्हा असा लागला, की खाडी दिसेना, बेट दिसेना. मौलवींचा गळा पुरता बसला होता. फादरना ताप भरला होता. टाळकरी बंदरावर प्रेतं शोधायला गेले होते. महाराज एकटे उभे होते, आणि अभंगाच्या मध्येच त्यांचाही आवाज गेला. ओठ हलत होते, शब्द उमटत नव्हता. खळ्यात क्षणभर नुसता पाऊस ऐकू आला.

महाराजांनी वीणा गळ्यातून काढली आणि सुंद्राबाईपुढं धरली. ती मागं सरली.

"मला काय येतंय महाराज? मला धड एक अभंग येत नाही."

महाराजांनी खाडीकडं बोट केलं. एवढंच.

तिनं वीणा घेतली आणि जात्यावर बसल्यावर येतं तसं म्हणायला लागली. घोगरा, रुंद आवाज तो, पावसातून आरपार गेला.

"खाडीच्या पाण्या बाबा, सारून घे अंग तुझं,
पैल थडी गं उभं, लेकरू एक माझं."

संपलं की पुन्हा तेच. मौलवी हात पसरून शेजारी उभे राहिले. फादर तापात उठून आले. महाराज डोळे मिटून उभे होते, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पावसाचं होतं की कसलं, हे कुणाला सांगता आलं नाही.

दिवस कलताना टेकाडाखालून माणसं वर येताना दिसली. पुढं तानी होती. आईनं वीणा महाराजांच्या हाती दिली, मगच लेकीला पोटाशी धरलं.

तानी सांगू लागली, "आम्हाला वाटलं गाव बुडालं. दुसरीकडं आसरा बघायला समुद्राकडच्या वाळूवर निघालोच होतो, तेवढ्यात बांग ऐकू आली. मग भजन, मग चर्चमधलं गाणं. म्हणलं, गाव जितं हाय. पण पाण्यात उतरायचं धाडस होईना. मग आईचा आवाज आला. त्या रोखानं बांधावर चढलो. पाणी घोट्याएवढं होतं. चालत आलो."

गलका ऐकून वर आलेले शास्त्री म्हणाले, "कोणत्या बांधावर? बांध माझ्या डोळ्यांदेखत फुटला."

"बांधावरनंच आलो, बुवा."

शास्त्रींनी खाली पाहिलं. मिठागराचा चिखल काळा असतो. त्या सगळ्यांच्या पायांना घोट्यापर्यंत लाल मुरूम माखला होता.

ते तडक खाडीवर गेले. पाऊस उघडला होता. समोर बांध नव्हता. होतं ते नुसतं घोंगावत वाहणारं पाणी.  परत आले तेव्हा सरळ सुंद्राबाईसमोर गेले आणि वाकले. ती घाबरून मागं झाली.

"बुवा, मला पाप लावता का?"

"मी देवाचं दार लावून बसलो, बाई," शास्त्री म्हणाले. "तू त्याला हाक मारलीस." मग त्यांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं.

महाराजांना बोलता येत नव्हतं. त्यांनी शास्त्रींना उठवलं आणि मौलवींच्या नि फादरच्या मध्ये बसवलं. तानीनं त्यांच्या पुढ्यात पेज ठेवली. ती घुटमळली.

"बस्त्यावबाबा राहिलेत तिकडं," ती म्हणाली. "मिठागराचे राखणदार. पाय मोडलाय, चालवेना. आमच्यात त्यांना उचलायचं बळ नव्हतं. ओहोटी लागली की होडी पाठवतो, असं सांगून आलोय."

लोक एकमेकांकडं बघू लागले. सगळे थकलेले होते.

"मी आणतो त्यांना," शास्त्री म्हणाले, इतक्या हळू की शेजारच्यांनाच ऐकू आलं.

मौलवींच्या भावाची होडी काठाला होती. सोवळं मोडेल म्हणून शास्त्रीबुवांनी जन्मात कधी कोळ्यांच्या किंवा मुसलमान दालद्यांच्या होडीत पाय ठेवला नव्हता. ओहोटी लागली तसे ते उठले. खाली जाऊन त्यांनी धोतराचा काचा मारला, नांगराचा दोर ओढून घेतला आणि होडीत जाऊन वल्ह्याशी बसले.