सहाव्या वस्तादाचा नारळ

"दोष वस्तादाचा की कारभाऱ्यांचा, ते येत्या रविवारी मला दाखवा!" करंजगडचे महाराज भर दरबारात कडाडले. "साक्षीदार आणायचा नाही, कागद पुढे करायचा नाही. माझ्या डोळ्यांना दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर सोमवारी गोलाचे खांब उपटून मैदानावर हत्तीखाना बांधीन!"

महाराजांचा तरी काय दोष? करंजगडचा फुटबॉल संघ दोन वर्षं नुसता हरत होता. संघ हरला की त्याचे पाच कारभारी बैठक घ्यायचे आणि खेळ शिकवणाऱ्या वस्तादाला नारळ द्यायचे. असे पाच वस्ताद घरी गेले. सहावे ज्योत्याजी वस्ताद त्याच वाटेवर होते. गावात दोन तट पडले होते. गुंडाप्पा न्हावी "कारभारी हटवा!" म्हणत वस्तरा असा काही हलवायचा, की परवा एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशीच गेली. गिऱ्हाईकही खमकं! "वस्तादच हटवा!" म्हणत उठलं आणि तशाच अर्ध्या मिशीनं गावभर आपली बाजू पटवत हिंडलं.

दरबारात कुणी पुढे येईना. तेवढ्यात दारातून आवाज आला, "सरकार, मी दाखवते!"

ही हौसाक्का. बारा वर्षं मैदानावर फुटाणे-शेंगा विकणारी. मैदान गेलं तर तिची पाटी कुठे जायची? हत्तीपुढे एक पाटी ती किती वेळ टिकणार!

थोरले कारभारी अण्णासाहेब इंगवले खदखदून हसले. "अगं, तुला खेळातलं काय कळतंय? मैदानाकडं पाठ करून फुटाणे विकतेस तू!"

"म्हणून तर कळतंय, अण्णासाहेब! चेंडू बघणाऱ्याला नुसता चेंडूच दिसतो."

दुकानात बसणाऱ्याला हे लगेच पटेल. गिऱ्हाईक तोंडाने लुगड्याला नावं ठेवतं आणि नजर मात्र त्याच लुगड्यावर फिरत असते. आपण नजरेवर भरवसा ठेवावा आणि लुगडं गुंडाळायला घ्यावं.

"माझी एकच अट हाय," हौसाक्का म्हणाली. "सरकारांनी माझ्याशेजारी पोत्यावर बसायचं आणि चेंडूकडं बघायचं न्हाई!"

"फुटबॉलला येऊन चेंडू बघायचा नाही?"

"न्हाई! शिट्टी वाजली की खेळाडूंच्या माना बघायच्या. मान वस्तादाकडं वळली, तर एक फुटाणा डाव्या वाटीत. कारभाऱ्यांच्या मांडवाकडं वळली, तर उजव्या."

रविवारी महाराज पोत्यावर बसले. मैदानाच्या एका बाजूला मांडव, त्यात पाच कारभारी गाद्यांवर. समोरच्या बाजूला उन्हात ज्योत्याजी वस्ताद उभे. खेळ सुरू झाला आणि महाराजांचे हाल सुरू झाले.

"गेला, गेला, गेला!" गाव ओरडलं.

"कुठं गेला?"

"सरकार, माना!"

"अगं, पण गोल झाला का नाही, एवढं तरी..."

"माना!"

महाराज निमूट माना बघू लागले. शिट्टी वाजली की सगळ्यांच्या माना मांडवाकडे! इंगवल्यांनी उपरणं उजव्या खांद्यावर टाकलं की सारे उजवीकडे धावायचे. शेजारच्या कारभाऱ्यांनी काठी हलवली की अर्धे डावीकडे परतायचे. मधल्यामध्ये एकमेकांवर आदळायचे. ज्योत्याजी वस्ताद ओरडून ओरडून घसा बसवून घेत होते, पण ते ऐकत होते फक्त ते स्वतः.

मध्यंतराला पाहुणा संघ दोन गोलांनी पुढे होता. डाव्या वाटीत दोन फुटाणे. उजवी शिगोशीग भरलेली.

"अजून असते," महाराज ओशाळून म्हणाले, "पण थोडे मी खाल्ले."

इंगवले लगबगीने आले. "महाराज, पोरं आमच्याकडं आदरानं बघतात! आदर करणं हा काय गुन्हा झाला?"

"छे छे! आदर असावाच की," हौसाक्का म्हणाली. "मग आता मांडवाची कनात खाली सोडा. आदर काय, कापडातनंबी पोचतो!"

महाराजांनी मान हलवली. कनात खाली आली.

पुन्हा खेळ सुरू झाला. शिट्टी वाजली, माना मांडवाकडे वळल्या, तर समोर नुसतं कापड! अकरा जण बाजारात चुकल्यासारखे उभे राहिले. मग त्यातल्या एकाला वस्तादांचा आवाज ऐकू आला. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच! तो वळला. दुसरा वळला. डाव्या वाटीत फुटाणे टपटप पडू लागले. इकडे कनातीआडून हाका येत होत्या, "अरे, काय झालं? कुणीतरी सांगा की रे!"

एक गोल फिटला. शेवटच्या शिट्टीआधी दुसराही फिटला. बरोबरी! दोन वर्षांत करंजगड पहिल्यांदा हरलं नव्हतं. महाराज पोत्यावरून ताडकन उठले.

"दिसलं! खांब राहतील आणि ज्योत्याजीही राहतील! पण हौसाक्का, एक कोडं सुटत नाही. दोन वर्षांत आम्ही पाच वस्ताद बदलले. त्यातल्या एकाच्याही हाताखाली संघ सुधारू नये?"

"बदलले कुठं, सरकार?" हौसाक्का म्हणाली. "वस्ताद एकदाबी बदलला न्हाई! जो होता तोच हाय. त्या कनातीआड गादीवर बसलाय, खांद्यावर उपरणं टाकून!"

महाराज असे हसले, असे हसले, की दोन्ही वाट्या लवंडल्या. गाव हसलं. ज्योत्याजी वस्तादांना बसलेल्या घशामुळे हसता येईना, म्हणून त्यांनी नुसते खांदे हलवले.

"हौसाक्का, आजपासून तो मांडव तुझा!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "गाद्यांसकट! तिथं सावलीत दुकान मांड."

"आणि आम्ही कुठं बसायचं, महाराज?" इंगवल्यांनी कनात बाजूला सारून विचारलं.

"रयतेत बसा, अण्णासाहेब! वस्ताद कधी हटवायचा, ते तिथंही प्रत्येकाला कळतं. फक्त तिथं कुणी कुणाचं ऐकत नाही!"