चपलेखालचं लव्हेंडर

एका गावात एक सासू होती. तिच्या कोथिंबिरीचं नाव पंचक्रोशीत. तिच्या परसावरून वारा आला की शेजारणींना भूक लागायची! पेरायची पद्धत ठरलेली: धणे चपलेखाली रगडून त्यांचे दोन भाग करायचे, मातीत दाबायचे आणि वर भरपूर पाणी.

तिच्या घरी थंड डोंगरमुलखातली सून आली. माहेरच्या अंगणात जांभळ्या फुलांचं, घमघमणारं लव्हेंडर होतं. त्याचं चिमूटभर बी तिनं पुडीत बांधून आणलं होतं. घरची आठवण आली की ती पुडी उघडून हुंगायची.

सासू मनानं प्रेमळ, पण घाई भारी. "आण इकडे! माझ्या हातून उगवणार नाही असं बी अजून जन्माला यायचंय."

"आत्याबाई, ते जरा…"

"गप गं, तू काल आलीस." आणि सासूनं निम्मं बी चपलेखाली घेतलंसुद्धा. ते बी केवढं? मोहरीहून बारीक! पार भुगा झाला. त्यावर ढीगभर माती, वर कळशीभर पाणी.

मग काय उगवणार, कपाळ! कोथिंबीर वीतभर झाली, कापली, पुन्हा पेरली, तरी लव्हेंडरचा वाफा बोडकाच. एका दुपारी उरलेली पुडी उराशी धरून ती मुसमुसताना सासूला दिसली.

आता अवघड होतं बरं का! गावाला पेरणी शिकवणारी बाई, ती कालच्या सुनेला विचारणार? पण विचारलं तिनं. शेजारी बसून म्हणाली, "चुकलं माझं, बाळ. तुझ्याकडे कसं पेरतात हे?"

सुनेनं डोळे पुसले. बी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या गारव्याला ठेवलं. "थंडी खाल्ल्याशिवाय हे जागं होत नाही," ती म्हणाली. मग बऱ्याच दिवसांनी वाळूमिश्रित मातीवर ते नुसतं भुरभुरलं. पाणीही हातानं शिंपडून. "आता वाट बघायची, आत्याबाई."

वाट बघणं सासूला कुठलं जमायला! बोटं शिवशिवायची, म्हणून ती हात पाठीमागे बांधून वाफ्याभोवती फिरायची. माती मात्र उकरली नाही. एका सकाळी हिरवे ठिपके दिसले, तेव्हा तीच आधी ओरडली, "अगं, आलं! आलं!"

लव्हेंडर फुललं आणि शेजारणी जमल्या. "काय वास! तुमचा हातगुणच मोठा हो."

सासू कोथिंबीर निवडत म्हणाली, "कोथिंबिरीचं मला विचारा. याचं आमच्या सुनेला विचारा, मीही तिच्याकडूनच शिकले."

सून हसली. त्या घरात ती पहिल्यांदाच इतकी मोठ्यानं हसली.

तात्पर्य: नवं बी आपल्या पद्धतीनं रगडण्याआधी, ते कसं रुजतं हे आणणाऱ्याला विचारावं, घरात आलेल्या माणसाचंही तसंच.