न फोडता सांगा

आमचे हे देशमाने साहेबांच्या छोट्या विमानाचे मेकॅनिक. पंख्याची पाती ज्यात बसतात तो हब ठरावीक तास उड्डाण झालं की उघडून तपासायचाच, असा नियम; ती वेळ आली होती. उड्डाणाआधीच्या पूजेचा नारळ हातात घेऊन साहेब ओरडले, “हब बाहेरून चकचकीत आहे! तपासला म्हणून सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

बाळ कडेवर घेऊन पूजेला आलेली मी कुजबुजले, “अहो, करा की सही!”

हे म्हणाले, “करतो, साहेब. आधी तुम्ही हा नारळ न फोडता सांगा, आतलं खोबरं नासकं नाही ना?”

साहेबांनी नारळ कानाशी हलवला आणि खाली ठेवला. “उघड तो हब.”

आत बारीक तडा निघाला. विमानात बसायला साहेबांची चिमुकली नात नटून उभी होती. मला फक्त माझंच बाळ दिसलं होतं. माझी मान वर होईना.